लिली पार

लिलियन ऊर्फ लिली पार (जन्म : २६ एप्रिल १९०५, सेंट हेलेन्स, लँकेशायर, मृत्यू : २४ मे १९७८, गूसनार, लँकेशायर) या इंग्लंडच्या फुटबॉलपटू होत्या. प्रेस्टन येथील डिक-कर लेडीज या महिला संघाकडून त्या सुमारे तीन दशके मैदानाच्या डाव्या कडेने खेळल्या. शालेय वयातच त्यांनी या खेळात नाव मिळवले, विशीच्या आत फ्रान्स व अमेरिका या देशांत सामने खेळले आणि सोळाव्या वर्षी आपल्या खेळावर देशाच्या फुटबॉल संघटनेने घातलेली बंदी पाहिली. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. तिच्या काळातही खेळत राहिलेल्या खेळाडूंमध्ये पार यांचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. २००२ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाने सन्मान-दालन सुरू केले, तेव्हा त्यात समाविष्ट झालेल्या त्या पहिल्या आणि त्या वेळच्या एकमेव महिला होत्या.

== बालपण ==

सेंट हेलेन्स हे काचेच्या कारखान्यांचे आणि कोळशाच्या खाणींचे गाव. तेथील जेरार्ड्स ब्रिज भागात, भाड्याच्या घरात लिली यांचा जन्म झाला. वडील जॉर्ज हे काच कारखान्यात मजूर होते. आईचे नाव सारा. सात भावंडांत लिली चौथ्या. घरात जागा कमी आणि खाणारी तोंडे पुष्कळ, असे ते कुटुंब होते. मिळकतीला हातभार लावण्यासाठी त्या काळच्या प्रथेप्रमाणे घरात भाडोत्रीही ठेवले जात.

शिवणकाम, स्वयंपाक यांत लिली यांना गोडी नव्हती. भावांबरोबर घराजवळच्या पडीक जागेत फुटबॉल आणि रग्बी खेळण्यात त्यांचे बालपण गेले. या दोन खेळांचा मेळ त्यांच्या पुढच्या खेळात दिसतो. चेंडू दूरवर आणि जोरात मारण्याची सवय त्यांना रग्बीमुळे लागली, तर अंगावर येणाऱ्या खेळाडूला न घाबरण्याची सवय भावांमुळे. वयाच्या चौदाव्या वर्षी त्या गावातील सेंट हेलेन्स लेडीज या संघातून खेळू लागल्या.

== महायुद्ध आणि कारखान्यातील फुटबॉल ==

मुलींचा फुटबॉल इंग्लंडमध्ये याआधीही खेळला गेला होता. १८९५ साली लंडनमध्ये एक महिला क्लब स्थापन झाला आणि त्याने देशभर सामने केले. मात्र त्या काळच्या वृत्तपत्रांनी खेळापेक्षा खेळाडूंच्या पोशाखाचीच अधिक चर्चा केली आणि काही वर्षांत तो प्रयत्न विरून गेला. खरा बदल घडला तो पहिल्या महायुद्धामुळे. पुरुष आघाडीवर गेले, १९१४–१५ च्या हंगामानंतर फुटबॉल लीगचे सामने थांबले आणि लाखो स्त्रिया दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाला लागल्या. हे काम धोक्याचे होते. स्फोटक रसायनांमुळे अनेकींची त्वचा पिवळी पडे. जेवणाच्या सुट्टीत मोकळ्या हवेत थोडा खेळ व्हावा, असे कारखान्यांतील देखरेख अधिकाऱ्यांनाही वाटू लागले आणि त्यातून ठिकठिकाणी महिलांचे संघ उभे राहिले.

प्रेस्टन हे मुळात सुतगिरण्यांचे शहर. लँकेशायरच्या या गिरण्यांचे मुंबईशी असलेले नाते मराठी वाचकाला नवे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) मुंबई बंदरातून निघालेला कापूस याच प्रदेशात जाई आणि तेथे विणलेले कापड पुन्हा हिंदुस्थानच्या बाजारात येई. रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर-देवरूख भागातून जशी कुटुंबे मुंबईच्या गिरणगावात गेली, तशीच आसपासच्या खेड्यांतील माणसे लँकेशायरच्या या शहरांत येऊन वसली होती. कामगारवस्तीत खेळाचे वेड का रुजते, हे समजण्यास ही तुलना उपयोगी पडते.

डिक-कर अँड कंपनी हा प्रेस्टनमधील कारखाना शांततेच्या काळात ट्रामगाड्या व विजेची यंत्रसामग्री बनवीत असे. युद्धकाळात तेथे दारूगोळा तयार होऊ लागला. १९१७ च्या शरद ऋतूत कारखान्यातील मुलींनी शिकाऊ मुलांच्या संघाशी गमतीने एक सामना खेळला आणि त्यातून संघ आकाराला आला. ग्रेस सिबर्ट या कामगार स्त्रीने त्यात पुढाकार घेतला. त्यांचे पती तेव्हा युद्धकैदी होते. कारखान्याच्या कचेरीतील आल्फ्रेड फ्रँकलंड यांनी संघाच्या व्यवस्थापनाची जबाबदारी घेतली. जखमी सैनिकांच्या रुग्णालयाला मदत म्हणून २५ डिसेंबर १९१७ रोजी प्रेस्टन नॉर्थ एंड या नामांकित क्लबच्या डीपडेल मैदानावर पहिला जाहीर सामना झाला. तो पाहण्यास सुमारे १०,००० लोक आले आणि डिक-करच्या मुलींनी एका ओतकाम कारखान्याच्या संघाला ४–० असे हरविले.

युद्ध संपल्यावर सैनिक परतले आणि स्त्रियांना कारखान्यांतून काढण्यास सुरुवात झाली, तरी हा संघ मात्र मोडला नाही. फ्रँकलंड हे धोरणी गृहस्थ होते. सामन्यांचे उत्पन्न धर्मादाय कामाला द्यायचे आणि त्या बळावर मोठी मैदाने मिळवायची, ही त्यांची पद्धत. चांगल्या खेळाडूंच्या शोधात ते आजूबाजूच्या गावांतील सामने पाहत. सेंट हेलेन्सच्या संघातील पार आणि धावपटू म्हणून नाव मिळविलेल्या ॲलिस वुड्स या दोघी त्यांच्या नजरेत भरल्या व दोघींनाही त्यांनी प्रेस्टनला आणले.

== डिक-कर संघात ==

कारखान्यात नोकरी, राहायला संघातील ॲलिस नॉरिस यांच्या घरी जागा आणि प्रत्येक सामन्यामागे बुडालेल्या रोजाची भरपाई म्हणून १० शिलिंग, अशी पार यांची व्यवस्था झाली. सिगारेटची पाकिटेही या मोबदल्यात असत असे सांगतात. त्यांना धूम्रपानाची सवय लहान वयातच लागली होती आणि ती आयुष्यभर सुटली नाही.

पहिल्याच हंगामात त्यांनी ४३ गोल केले. वयाच्या मानाने त्या खूपच उंच होत्या; पूर्ण वाढ झाल्यावर त्यांची उंची सहा फुटांच्या जवळपास होती. त्यांच्या डाव्या पायातील ताकदीची त्या काळच्या बातमीदारांनी वारंवार नोंद घेतली आहे. तेव्हाचा चेंडू जाड चामड्याचा असे. पावसात भिजल्यावर तो इतका जड होई की अनेक खेळाडूंना तो मैदानाच्या एका कडेपासून गोलपर्यंत पोहोचविणेही कठीण जाई. पार यांच्या कॉर्नर किक मात्र थेट गोलच्या तोंडाशी पडत. एका व्यावसायिक पुरुष गोलरक्षकाने आव्हान दिल्यावर पार यांनी मारलेला चेंडू अडविताना त्याचा हात मोडला, ही कथा इंग्लंडमध्ये फार लोकप्रिय आहे. तिला दंतकथेचाच रंग अधिक आहे. पण अशी दंतकथा कोणाभोवतीही जमत नाही, हेही तितकेच खरे.

संघातील इतर खेळाडूही तोलामोलाच्या होत्या. संघनायिका ॲलिस केल, ठेंगण्या पण चेंडूवर विलक्षण हुकूमत असलेल्या जेनी हॅरिस आणि गोल करण्यात पटाईत फ्लॉरी रेडफर्ड ही नावे विशेष. पार डावीकडून चेंडू आणून मध्ये देत आणि रेडफर्ड तो गोलमध्ये धाडीत. या जोडीमुळे संघाचा खेळ ठरून गेला होता.

== फ्रान्सविरुद्धचे सामने ==

महिला फुटबॉलमधील आंतरराष्ट्रीय स्पर्धेची सुरुवात १९२० साली झाली असे मानले जाते. फ्रान्समध्ये महिला क्रीडा चळवळीच्या नेत्या ॲलिस मिलिआ यांनी निवडक खेळाडूंचा एक संघ इंग्लंडला आणला. ३० एप्रिल १९२० रोजी डीपडेलवर २५,००० प्रेक्षकांसमोर पहिला सामना झाला आणि डिक-करने तो २–० असा जिंकला. या आठवड्यातच पार यांना पंधरावे वर्ष पूर्ण झाले होते. दौऱ्यात चार सामने झाले; स्टॉकपोर्टचा सामना यजमानांनी ५–२ असा जिंकला, मँचेस्टरचा १–१ असा बरोबरीत सुटला आणि लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर पाहुण्यांनी २–१ अशी बाजी मारली. डिक-कर हा एका कारखान्याचा संघ. तरी इंग्लंडच्या वतीने खेळणारा संघ म्हणूनच लोक त्याच्याकडे पाहत. फुटबॉल संघटनेने राष्ट्रीय महिला संघ उभारण्याचा प्रश्नच तेव्हा नव्हता.

त्याच वर्षी शरद ऋतूत डिक-करच्या मुली फ्रान्सला गेल्या. गिरणी-कारखान्यांत काम करणाऱ्या या मुलींपैकी बहुतेकींनी समुद्र ओलांडण्याची ही पहिलीच वेळ होती. युद्धाने उद्ध्वस्त झालेली गावे त्यांनी वाटेत पाहिली. पॅरिसच्या पर्शिंग मैदानावर सुमारे २२,००० लोक जमले. सामना १–१ असा बरोबरीत असताना, अखेरच्या काही मिनिटांत एका कॉर्नरच्या निर्णयावरून प्रेक्षक मैदानात शिरले आणि खेळ तेथेच थांबवावा लागला. पुढे रूबे, ल हाव्र आणि रूआँ येथील तिन्ही सामने जिंकून संघ अपराजित परतला. या संघात पार होत्या.

या संबंधांतून एक मैत्रीही जुळली. फ्रान्सच्या संघातील कार्मेन पोमिए या पुढे प्रेस्टनमध्ये येऊन राहिल्या आणि डिक-करकडूनही खेळल्या. दोन देशांच्या संघांनी एकमेकांशी स्पर्धा करावी आणि एकमेकींच्या घरी उतरावे, असे ते दिवस होते.

== लोकप्रियतेचा कळस ==

१९२० चा डिसेंबर महिना महिला फुटबॉलच्या इतिहासात दोन सामन्यांसाठी प्रसिद्ध आहे. १६ डिसेंबर रोजी डीपडेलवर रात्रीच्या वेळी सामना झाला. त्यासाठी युद्ध खात्याकडून विमानविरोधी पथकाचे दोन प्रकाशझोत मागून आणले होते. चेंडू दिसावा म्हणून तो पांढऱ्या रंगाने रंगविला जात होता. बेकार माजी सैनिकांच्या मदतीसाठी झालेला हा सामना १२,००० लोकांनी पाहिला.

त्यानंतर दहा दिवसांनी, २६ डिसेंबरला, लिव्हरपूलमधील गुडिसन पार्क या एव्हर्टन क्लबच्या मैदानावर डिक-कर आणि सेंट हेलेन्स लेडीज यांची गाठ पडली. पार यांच्यासमोर त्यांचाच जुना संघ होता. मैदानात ५३,००० प्रेक्षक होते आणि जागेअभावी परत जावे लागलेल्यांची संख्या १०,००० च्या वर सांगितली जाते. रेडफर्ड यांची आगगाडी चुकल्याने त्या खेळू शकल्या नाहीत. मध्यंतरापर्यंत संघाला एकच गोल करता आला होता. मग संघनायिका केल यांनी बचावफळीतील आपली जागा सोडून आघाडीला खेळण्याचे ठरविले, स्वतः तीन गोल केले आणि सामना ४–० असा जिंकून दिला. या सामन्यातून ३,००० पौंडांहून अधिक रक्कम जमा झाली; ती युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी होती. इंग्लंडमध्ये महिलांच्या क्लब सामन्याला इतकी गर्दी होण्यास त्यानंतर कित्येक दशके जावी लागली.

१९२१ साली डिक-करने ६७ सामने खेळले. आठवड्याला एकाहून अधिक सामने, तेही कारखान्यातील नोकरी सांभाळून. फेब्रुवारीत लिव्हरपूल येथे देशातील इतर निवडक खेळाडूंच्या संघाला त्यांनी ९–१ असे हरविले. त्यातील पाच गोल पार यांचे होते. तोपर्यंत देशात महिलांचे सुमारे १५० संघ झाले होते. पार या वेळी सोळा वर्षांच्याही नव्हत्या.

== बंदी ==

५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने लंडनमध्ये एक ठराव केला. फुटबॉल हा खेळ स्त्रियांना मुळीच योग्य नाही, त्याला उत्तेजन देऊ नये आणि संघटनेच्या सदस्य क्लबांनी आपली मैदाने अशा सामन्यांना देऊ नयेत, असा त्याचा आशय होता. धर्मादाय सामन्यांच्या उत्पन्नातील बराच भाग खर्चातच जातो, असा आक्षेपही त्यात होता.

आरोग्याची चिंता हे सांगण्यापुरते कारण होते, असेच उपलब्ध घटनाक्रमावरून दिसते. पाच वर्षे हाच खेळ सैनिकांच्या रुग्णालयांसाठी चालला तेव्हा कोणाला हरकत नव्हती. दारूगोळ्याच्या विषारी धुरात बारा-बारा तास काम करताना ज्यांच्या प्रकृतीची काळजी कोणाला वाटली नाही, त्यांना चेंडू मारल्याने अपाय होईल हे म्हणणे तर्काला धरून नाही. दुसरी कारणे अधिक पटणारी आहेत. युद्धानंतर पुरुषांची लीग पुन्हा सुरू झाली होती, तिचा विस्तार होत होता आणि महिलांचे सामने तिचे प्रेक्षक ओढू शकत होते. शिवाय १९२१ च्या एप्रिल ते जुलै या काळात खाणमालकांनी कामगारांवर टाळेबंदी लादली, तेव्हा महिलांच्या संघांनी खाणकामगारांच्या उपाशी कुटुंबांसाठी सामने खेळून पैसे जमविले. सैनिकांसाठी झोळी फिरविणाऱ्या मुली आता संपकऱ्यांच्या बाजूने उभ्या आहेत, हे वरच्या वर्गाला रुचणारे नव्हते.

ठरावाने खेळणे हा गुन्हा झाला नव्हता. परंतु मोठी मैदाने बंद झाली, नोंदणीकृत पंचांना या सामन्यांत काम करता येईना, आणि प्रेक्षकांना बसण्याची सोय असलेली जागा मिळेना. एका वर्षात बहुतेक संघ बंद पडले. त्याच महिन्यात काही संघांनी एकत्र येऊन महिलांची स्वतंत्र संघटना स्थापन केली. ती फार काळ टिकली नाही. इंग्लंडचा कित्ता पुढे इतरांनी गिरविला. ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत आणि पश्चिम जर्मनीत १९५५ पासून १९७० पर्यंत महिला फुटबॉलवर बंदी होती. आज याच दोन देशांचे महिला संघ जगात नावाजलेले आहेत, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

== अमेरिकेचा दौरा ==

बंदीनंतर दहा महिन्यांच्या आत, सप्टेंबर १९२२ मध्ये, डिक-कर संघ जहाजाने कॅनडाला गेला. तेथे पोहोचल्यावर कळले की कॅनडाच्या फुटबॉल संघटनेनेही या सामन्यांना मनाई केली आहे. संघ मग अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वळला. तेथे महिलांचे संघच नव्हते; म्हणून सर्व नऊ सामने पुरुषांच्या संघांविरुद्ध झाले. प्रतिस्पर्ध्यांत ब्रिटन आणि युरोपातून स्थलांतरित झालेले अनुभवी खेळाडू होते. पहिला सामना न्यू जर्सीतील पॅटर्सन येथे झाला आणि तो डिक-करने गमावला. तरी दौऱ्यातील बहुतेक सामन्यांत त्यांचा पराभव झाला नाही. अमेरिकी वृत्तपत्रांनी पार यांचा उल्लेख फार आदराने केला. त्या वेळी त्यांचे वय सतरा होते. वय लहान असले तरी त्या आता संघाचा मुख्य आधार होत्या.

== परिचारिका ==

डिक-कर कंपनी दरम्यान इंग्लिश इलेक्ट्रिक या मोठ्या कंपनीत विलीन झाली होती. नव्या व्यवस्थापनाला महिला संघात रस नव्हता. १९२६ साली फ्रँकलंड आणि कंपनी यांच्यात बिनसले. त्यानंतर संघ प्रेस्टन लेडीज या नावाने खेळू लागला. लोक मात्र शेवटपर्यंत त्याला जुन्याच नावाने ओळखत.

कारखान्यातील नोकरी गेल्यावर संघातील अनेक मुली प्रेस्टनजवळच्या व्हिटिंगहॅम मनोरुग्णालयात लागल्या. पार यांनी तेथे परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि निवृत्तीपर्यंत तेथेच काम केले. हे रुग्णालय ब्रिटनमधील सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक होते. मानसिक आजारावर परिणामकारक औषधे तेव्हा फारशी नव्हती. परिचारिकेचे काम अंगमेहनतीचे आणि मनाची परीक्षा पाहणारे असे. दिवसपाळी, रात्रपाळी करून आठवड्याच्या शेवटी सामन्याला जायचे, असा पार यांचा दिनक्रम पंचवीस वर्षे चालला. चरित्रलेखक त्यांच्या गोलांच्या आकड्यात अधिक रमतात. या नोकरीबद्दल मात्र दोन ओळी लिहून पुढे जातात. वास्तविक त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग या रुग्णालयातच गेला.

तेथेच त्यांची ओळख मेरी या सहकारी स्त्रीशी झाली. पार अविवाहित राहिल्या. दोघींनी गूसनार गावात घर घेतले आणि अखेरपर्यंत त्या एकत्र राहिल्या. पुढील काळात समलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या चळवळीने पार यांना आदरस्थान मानले. त्यांच्या नावाने या चळवळीतील महिला संघांसाठी एक फुटबॉल चषकही सुरू झाला.

== बंदीच्या काळातील खेळ ==

संघटनेची मैदाने बंद असल्याने प्रेस्टन लेडीज सार्वजनिक बागांत, रग्बीच्या मैदानांवर, कधी नांगरटीशेजारच्या माळावर खेळत. गर्दी हजारांवरून शेकड्यांवर आली. तरी धर्मादाय सामन्यांचा शिरस्ता चालू राहिला. ८ सप्टेंबर १९३७ रोजी ब्लॅकपूल येथे त्यांनी एडिंबरोच्या मुलींच्या संघाला ५–१ असे हरविले. या सामन्याला ब्रिटन व जगाचे विजेतेपद असे भारदस्त नाव देण्यात आले होते. असे नाव देण्याचा अधिकार कोणालाच नव्हता, कारण अधिकृत स्पर्धाच नव्हती. पण त्या काळात याहून बलाढ्य महिला संघ दाखविता आला नसता.

पार यांचा स्वभाव अबोल, बोलणे तुटक आणि विनोद कोरडा होता, अशी आठवण त्यांच्याबरोबर खेळलेल्या नंतरच्या पिढीतील खेळाडूंनी सांगितली आहे. सामन्याचा चेंडू खेळ संपल्यावर गुपचूप पळविण्याची त्यांची खोडीही त्या सांगत. वय वाढले तसा धावण्याचा वेग कमी झाला. चेंडू मारण्यातील जोर आणि नेमकेपणा मात्र राहिला. १९४६ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्या संघनायिका झाल्या. १९५१ साली त्यांनी खेळातून निवृत्ती घेतली.

त्यांच्या एकूण गोलांची संख्या ९०० हून अधिक असल्याचे मानले जाते. अनौपचारिक सामन्यांची नोंद ठेवण्यास कोणी अधिकृत संस्थाच नव्हती, ही त्या बंदीची आणखी एक हानी. संघाने १९१७ ते १९६५ या काळात आठशेहून अधिक सामने खेळले आणि त्यांतील साडेसातशेच्या आसपास जिंकले.

== अखेरची वर्षे ==

पुरेशा खेळाडू मिळेनात म्हणून १९६५ साली संघ बंद झाला. १९६७ मध्ये पार यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे आढळले व त्यांच्यावर मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. त्यातून त्या सावरल्या आणि आणखी अकरा वर्षे जगल्या. या काळात त्यांनी बंदी उठलेली पाहिली. १९६६ च्या पुरुषांच्या विश्वचषकानंतर मुलींमध्ये खेळाची ओढ वाढली, १९६९ मध्ये महिलांची नवी संघटना स्थापन झाली आणि फुटबॉल संघटनेने १९७० च्या सुमारास जुना ठराव मागे घेतला. १८ नोव्हेंबर १९७२ रोजी इंग्लंडचा पहिला अधिकृत महिला आंतरराष्ट्रीय सामना स्कॉटलंडमधील ग्रीनॉक येथे झाला. इंग्लंडने तो ३–२ असा जिंकला. पार तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या होत्या. देशाच्या फुटबॉल संघटनेकडून त्यांना हयातीत कोणताही सन्मान मिळाला नाही.

२४ मे १९७८ रोजी गूसनार येथील घरी त्यांचे निधन झाले. सेंट हेलेन्स येथे त्यांचे दफन करण्यात आले.

== मरणोत्तर स्थान ==

२००२ मधील सन्मान-दालनातील समावेशानंतर पार यांचे नाव पुन्हा चर्चेत आले. २००८ साली फुटबॉल संघटनेने १९२१ च्या बंदीबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. जून २०१९ मध्ये मँचेस्टर येथील राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयात शिल्पकार हॅना स्टुअर्ट यांनी घडविलेला त्यांचा पूर्णाकृती ब्राँझ पुतळा बसविण्यात आला. ब्रिटनमध्ये महिला फुटबॉलपटूचा हा पहिलाच पुतळा होय.

पार ज्या वयात फ्रान्स व अमेरिकेत खेळल्या, त्या वयाच्या मुलींसाठी जागतिक स्पर्धा सुरू होण्यास २००८ साल उजाडले. फिफाने सतरा वर्षांखालील मुलींचा पहिला विश्वचषक त्या वर्षी न्यूझीलंडमध्ये भरविला. २०२२ ची स्पर्धा भारतात झाली. सामने भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे झाले. यजमान या नात्याने भारताच्या मुली या वयोगटाच्या विश्वचषकात प्रथमच उतरल्या आणि अमेरिका, मोरोक्को व ब्राझील यांच्याकडून तिन्ही सामने हरल्या. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर झालेल्या अंतिम सामन्यात स्पेनने कोलंबियाला १–० असे हरविले.